अंकुशदादाची रेघ

(लकडगंजातलं प्रीतीच्या बाबांचं प्लायवूडचं दुकान. दुपार, गिऱ्हाईक नाही.)

मयुरा : तू फक्त ऐक. मधात बोलू नको.

प्रीती : बोलून राहिली का मी? पंख्याखाली बस आधी. कायचा वास येऊन राहिला तुह्या ओढणीले?

मयुरा : टोल्युईनचा. ऐक ना. टोल्युईन अन् अल्कोहोल कमीजास्त मिसळायचं, मशीनच्या काचेवर, प्रिझमवर, थेंब टाकायचा, प्रकाश किती वाकला ते पाहायचं. तीन वर्षं तेच करून राहिली मी.

प्रीती : अन् तुही आई लोकायले सांगते, पोरगी सायंटिस्ट आहे.

मयुरा : थांब ना वं. सूत्रानं आधी अंदाज काढता येते, आकडा किती येईन त्याचा. पण हे दोघं मिसळले का एकमेकांले धरतात, मंग मोजलेला आकडा अंदाजापासून जरासा सरकते. किती सरकते, तेच माही पीएचडी. समजलं?

प्रीती : समजलं. कागदावर एक, गोदामात दुसरं.

मयुरा : हां. तर माहे आकडे सरकतात, अन् अंकुशदादाच्या थिसिसमधले सरकतच नाहीत. तेच मिश्रण, तेच मशीन, पण त्याचा एकेक ठिपका सूत्राच्या रेघेवर.

प्रीती : तो तुहा सीनियर? सावनेरले कॉलेजात लागला तो?

मयुरा : तोच. मी नवीन बाटली फोडून मोजलं, तरी माहं तेच. मंग सावनेरले जाऊन त्यालेच विचारलं. तर म्हणे, मे महिन्यात आपल्या लॅबमध्ये तापमान पंचवीसवर टिकते का कधी? थंड पाण्याची मशीन बंद पडली होती, सबमिशन डोक्यावर होतं, मोजलंच नाही मी. सूत्रानं काढून लिहून टाकले.

प्रीती : असं तोंडावर बोलला?

मयुरा : चहा पाजून बोलला. जूनमध्ये नोकरी पक्की होऊन राहिली म्हणे, पोरगी लहान आहे, आपल्या गाईड सरायले सांगू नको. मी हो म्हणून आली.

प्रीती : काहून वं?

मयुरा : बाबा धंतोलीच्या दवाखान्यात ॲडमिट होते तवा डबा कोण आणे? तोच ना. बरं, काल तो डिपार्टमेंटले आला होता. सरायनं दोघायले समोर उभं केलं. म्हणे एकाचं तर चुकलं, कोणाचं? मले वाटलं, आता हा बोलन. हा कॅलेंडरकडे पाहून राहिला. मंग मीच म्हटलं, सर, माहं चुकलं असन.

प्रीती : पागल आहे तू.

मयुरा : सर म्हणे, त्याच्याशी जुळेपर्यंत मोज. नाहीतर थिसिस पुढं जात नाही.

प्रीती : पण मोजलं तर पुन्हा तेच येईन ना?

मयुरा : तेच येईन. म्हणजे आता मलेही त्याच्या रेघेवर बसवा लागते सगळं.

प्रीती : अन् तो? काहीच नाही बोलला?

मयुरा : बोलला ना. सरायसमोर. म्हणे, प्रिझम नीट पुसत जा मयुरा, कितीदा शिकवलं तुले. चल, पुसून दाखव.

प्रीती : मंग?

मयुरा : मंग काय, रुमाल घेतला अन् दाखवला पुसून. दोघंही पाहून राहिले होते. सांग ना प्रीती, तू काय केलं असतं?