तीनदा कापलेला फोन

“‘तुमच्या मुलाला अपघात झालाय’ असा अनोळखी फोन आला, तर घाबरू नकोस आई, लगेच काप. असं निकेतनंच बजावलेलं, वैनी.”

डोंगरीच्या बसच्या रांगेत जिजाबाईंच्या मागे दोघी नणंद-भावजय बोलत होत्या. जिजाबाईंचा सोमवार होता. त्या मनातल्या मनात जप करत उभ्या होत्या.

“असल्या फसव्या फोनांचंच शिकत होता ना पोरगा?”

“हां, कॉलेजात सतरावी. सायबर सुरक्षेची. गावातल्या बायांना शिकवायचं, हाच त्याचा प्रोजेक्ट. पहिली विद्यार्थीण मी.”

“आणि फोन खरा निघाला.”

“इस्पितळातून तीनदा आला. तीनदा कापला.”

“त्यानं सांगितलं तेच केलंस, वन्स.”

“अर्धंच केलं. कापल्यावर मला फोन लाव, असंपण सांगितलेलं. माझी सोळा सोमवारची पोथी चाललेली. मधेच उठायचं न्हाय ना. म्हटलं, संपवून लावते.”

जिजाबाईंचा जप थांबला.

“दोन तास जिवंत होता, वैनी. आई कधी येते, विचारत होता म्हणे.”

“मग आज कशाला जातेस? बाया समजून घेतील.”

“चौदा जणी शिकवायच्या राहिल्यात. डोंगरीच्या बालवाडीत जमल्यात. मी जमवते, असं त्याला कबूल केलेलं.”

“बोलशील काय? रडशील नुसती.”

“रडीन. पण कापल्यावर काय करायचं, ते सांगून रडीन.”

बस आली. पोचवायला आलेली भावजय मागेच थांबली. जिजाबाईंनी निकेतच्या आईला पुढे चढू दिलं.

“कुठे, मावशी?” कंडक्टरनं तिला विचारलं.

“डोंगरी. एक.”