झाकणावरची पट्टी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पोर्तुगीज हॉलचे कारभारी मारियानो फाग्युंदेस, कॉलेजच्या प्राचार्या लोरेन पिकेटबाई, आजचे सत्कारमूर्ती लाइल स्टॉकर्डसाहेब, त्यांच्या पत्नी आणि या हॉलच्या स्वयंपाकघराच्या एकेकाळच्या मालकीणबाई ओडेटताई, आणि समोर बसलेले माझे गोठेवाले, चारावाले, ट्रकवाले बंधू आणि भगिनींनो,

माईक जरा खाली घेतो. मारियानो उंच आहे, मी नाही. हां.

मी आदेलिनो आझेवेदो. तुम्ही सगळे मला ओळखता, पण पिकेटबाई ओळखत नाहीत, म्हणून सांगितलं. माझा गोठा नदीच्या अलीकडे होता. गाई दोन वर्षांपूर्वी विकल्या. भाषण मी आयुष्यात एकदाच केलंय, बहिणीच्या लग्नात, आणि तेव्हा नवऱ्यामुलाचं नाव विसरलो होतो. तेव्हा अपेक्षा बेताच्या ठेवा.

लाइलसाहेबांना कॉलेजनं परवाच निरोप दिला. केक होता, भिंतीवर लावायची पाटी होती, सगळं अर्ध्या तासात आटोपलं. पण ओडेटताईंना वाटलं, एक निरोप इथे व्हावा, आपल्या माणसांत. समितीत त्यावर किती चर्चा झाली ते मी सांगत नाही. एका मतानं ठराव पास झाला एवढं सांगतो. मग प्रश्न आला, बोलणार कोण? मारियानोनं खुद्द सत्कारमूर्तींनाच विचारलं. त्यांनी माझं नाव घेतलं. मारियानो मला म्हणाला, "अरे, ते थट्टा करतायत की सूड उगवतायत?" मी म्हटलं, माहीत नाही. खरं म्हणजे मला माहीत होतं.

आधी त्यांच्या कामाबद्दल बोललं पाहिजे. सव्वीस वर्षं लाइलसाहेब कॉलेजातल्या सरकारी केंद्रावर आपल्या भागाचे स्मॉग रेफरी होते, म्हणजे गाड्यांच्या धुराचे पंच. शिट्टी नसलेले रेफरी. कोणी गाडीचं इंजिन बदललं, पेट्रोलचं काढून डिझेलचं बसवलं, की ती गाडी त्यांच्यापुढे न्यायची. ते बॉनेट उघडणार, खाली झोपणार, वायर न् वायर बघणार. नियमात बसलं तर दाराच्या चौकटीवर त्यांचं लेबल लागणार. लेबल नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर ट्रक म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. या हॉलमध्ये असा एक तरी माणूस आहे का, ज्याला त्यांनी निदान एकदा परत पाठवलेलं नाही? हात वर करा. बघा.

एकदा कोणीतरी डॅशबोर्डच्या खणात चार हात लिंग्विसा ठेवून ट्रक नेला होता. नाव घेत नाही, तो तिसऱ्या टेबलावर बसलाय. लाइलसाहेबांनी अहवालात लिहिलं, "खणात सॉसेज आढळले. धुराशी संबंध नाही." ट्रक नापास, सॉसेज परत. स्वतःच्या सासऱ्याचा ट्रकसुद्धा त्यांनी नापास केला. म्हातारा महिनाभर बोलला नाही. ओडेटताई आठवडाभर. बरोबर ना, ताई? दहा दिवस? बरं, दहा दिवस.

आता मला एका ट्रकबद्दल सांगायचंय. तुम्हा सगळ्यांना तो माहीत आहे. म्हणजे तसं तुम्हाला वाटतं.

बारा वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ सेराफिम या भागातल्या अकरा गोठ्यांवर गाईंचे खूर तासायला जायचा. ट्रकच्या पाठीवर लोखंडी खोडा, त्यात गाय उभी करायची, पाय बांधायचा आणि तासायचं. ट्रकचं पेट्रोलचं इंजिन त्या ओझ्यानं दमलं आणि एक दिवस बसलं. आम्ही ठरवलं, डिझेल टाकू. वर्षभर सेराफिम नियम वाचत होता, बायबल वाचलं नसेल इतके. इंजिन गाडीइतकंच जुनं किंवा तिच्याहून नवं हवं. धुराचं त्याचं सगळं सामान सोबत हवं. आणि ते आपल्या कॅलिफोर्नियासाठी बनवलेलं हवं, बाहेरच्या राज्यांसाठीचं चालत नाही. तसं एक इंजिन भंगारच्या यार्डात सापडलं, दोन वर्षं नव्या, पुढून चेपलेल्या ट्रकमधलं.

ते आणायला मी एकटा गेलो. सेराफिम कामावर होता. जाताना मला म्हणाला, "नीट बघून घे. तुला कोणीही टोपी घालतं." हे तो मला लहानपणापासून म्हणतो. आणि खोटंही नाही.

इंजिन मी घेऊन आलो. त्यावर चिखल आणि तेलाचा बोटभर थर होता. आता तुम्ही सगळे गोठेवाले आहात. दूध तपासायला इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर आपण काय करतो? पाणी मारतो. आमच्या वडिलांनी दुसरं काही शिकवलं नसेल, एवढं शिकवलं. तपासायला जे न्यायचं ते आधी धुवायचं. हे इंजिन रेफरीकडे जाणार होतं. मी ते गाई धुवायच्या जागेवर उतरवलं, साबण मारला आणि जोराच्या पाण्याचा पाइप धरला.

व्हॉल्व्हच्या झाकणावर एक पट्टी चिकटवलेली होती. हाताएवढी, अक्षरं असलेली. ती निघाली, पाण्याबरोबर वाहत गटाराच्या जाळीपर्यंत गेली आणि खाली पडली. मी ती पाहिली. मला वाटलं, यार्डवाल्याची किमतीची चिठ्ठी असेल. मी पुढे धूत राहिलो.

संध्याकाळी सेराफिम आला. चकचकीत इंजिन बघून म्हणाला, "अरे वा! यार्डवाल्यानं धुऊन दिलं?"

मी म्हटलं, "मी लावलं त्याला धुवायला. फुकटात."

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "शिकलास की रे!"

एवढंच झालं. एका थापेसाठी मी खोटं बोललो.

पाच रविवार आम्ही ते इंजिन बसवत होतो. सामान सगळं होतं, संगणक होता, डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवासुद्धा पेटत होता. मग ट्रक लाइलसाहेबांकडे नेला. त्यांनी बॉनेट उघडलं. झाकणावर, जिथे पट्टी होती, तिथला रंग थोडा वेगळा होता. त्यांनी तिथे बोट फिरवलं. विचारलं, "हे धुतलं कोणी?"

सेराफिम म्हणाला, "यार्डवाल्यानं. यानं धुवून घेतलं."

लाइलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन यार्डात फोन केला. सेराफिम कागद आणायला ट्रककडे गेला होता. तेवढ्यात ते बाहेर आले आणि मला हळूच म्हणाले, "यार्डवाला म्हणतो, आमच्याकडे प्यायला पाणी नाही, इंजिन कुठून धुऊ? आदेलिनो, पट्टी कुठे आहे?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

ते म्हणाले, "इंजिन आपल्या राज्यासाठीचं आहे की बाहेरचं, ते त्या पट्टीवरच होतं. ज्या ट्रकमधून ते काढलं, तो यार्डानं चेपून विकला, म्हणजे तोही पुरावा गेला. पण ज्यानं पट्टी पाहिली त्यानं खरं काय झालं ते लिहून सही करून दिलं, तर मी ते यार्डाच्या नोंदीसोबत वर पाठवतो. ते मान्य करतील असं वचन देत नाही. पण पाठवतो. भावाच्या ट्रकचा तात्पुरता परवाना अजून तीन आठवडे आहे. ये."

मी गेलो नाही.

पहिल्या आठवड्यात वाटलं, सेराफिमला आधी सांगू. तो तेव्हा घरात भांडी आपटत होता. दुसऱ्या आठवड्यात माई त्या रेफरीच्या नावानं बोटं मोडायला लागली. जेवताना, प्रार्थनेनंतर लगेच. "देवा, आम्हाला अन्न दिलंस, त्या मेल्याला कावीळ दे." तिसऱ्या आठवड्यात मला काही वाटेनासं झालं. हे मी कौतुकानं सांगत नाही. पाय अवघडला की कसं, आधी मुंग्या येतात, मग तो आपला नसल्यासारखा लोंबतो. तसं झालं. परवाना संपला त्या दिवशी मी चारा टाकला, गाई पिळल्या, जेवलो. झोपही लागली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. अकरा गोठ्यांनी दुसरा माणूस बघितला. सेराफिमनं खोडा विकला, ट्रक सुट्या भागांत विकला आणि आयडाहोला गेला, बायकोमुलांसकट. जाताना अख्ख्या गावाला सांगून गेला की स्टॉकर्डनं एका चिकटपट्टीसाठी माझं पोट मारलं. आणि गावानं ते मान्य केलं. का नाही करणार? शेजारी मी उभा होतो आणि मान हलवत होतो.

मग लाइलसाहेबांची टपालपेटी कोणीतरी ट्रकनं उडवली. तीनदा. फेस्ताला, आपल्या हॉलच्या सणाला, ते यायचे तेव्हा त्यांच्या टेबलावर सहा खुर्च्या रिकाम्या राहायच्या. ओडेटताई वीस वर्षं या हॉलचं सोपास, फेस्ताचा तो मटणपावाचा रस्सा, शिजवत होत्या. एका वर्षी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि बायका बोलायच्या थांबल्या. पुन्हा त्या आल्या नाहीत. त्यानंतरचं सोपास कसं लागतं हे आपण सगळे जाणतो, पण बोलत नाही.

आणि बारा वर्षं लाइलसाहेबांनी एकाही माणसाला सांगितलं नाही. एक वाक्य पुरलं असतं, "आदेलिनोला विचारा." मी एकदा त्यांना पेट्रोल पंपावर गाठलं होतं, माई गेली त्या वर्षी. माई गेल्याचं मला रडू आलं नव्हतं. गाई विकल्या तेव्हाही नाही. सेराफिम अंत्यविधीला आला, दोन दिवस हॉटेलात राहिला. मी त्याला विमानतळावर सोडलं आणि परत येताना टायर घेतले. तर पंपावर मी लाइलसाहेबांना विचारलं, "तुम्ही सांगत का नाही?" ते म्हणाले, "माझं काम इंजिनात काय आहे ते बघणं. माणसात काय आहे ते त्यानंच लिहून द्यायचं असतं." आणि गाडीची काच वर केली.

मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता, किंवा लाज वाटायला हवी होती. मी पंपाचे आकडे फिरताना बघत राहिलो.

थांबा. मला पूर्ण करू द्या. मारियानो, तू खाली बस.

सेराफिम आज इथे आहे. चौथ्या टेबलावर. काल मला म्हणाला, "त्या माणसाला निरोप देताना बघायला मी सातशे मैल गाडी हाकत आलोय. तू नीट बोल, त्याला झोंबलं पाहिजे." मी म्हटलं, "बघतो, मानो." लहानपणापासून मी त्याला मानोच म्हणतो, आमच्यात भावाला तसंच म्हणतात.

मानो, इंजिन यार्डवाल्यानं धुतलं नाही. मी धुतलं. पट्टी माझ्या हातानं गेली आणि मी ती जाताना बघितली. तुझा ट्रक स्टॉकर्डनं थांबवला नाही. त्यानं तीन आठवडे दार उघडं ठेवलं होतं. मी आत गेलो नाही. कदाचित गेलो असतो तरी वरच्यांनी नाही म्हटलं असतं. ते आता कळायचा मार्ग नाही, आणि तो मार्गही मीच बंद केला.

मला वाटलं होतं, हे बोलल्यावर छातीवरून काही उतरेल. काही उतरलेलं नाही. तुम्ही सगळे खूप लांब दिसताय.

ओडेटताई, तुमच्या स्वयंपाकघराबद्दल मी काय बोलू? ते परत द्यायला ते माझं नाही. ज्या बायका गप्प बसल्या त्या आज इथेच बसल्यात, त्यांनी आता माझ्याकडे बघून गप्प बसावं. लाइलसाहेब, सव्वीस वर्षं तुम्ही आमच्या ट्रकांचा धूर बघितलात. त्याबद्दल या हॉलनं तुमचे आभार मानलेले नाहीत. मी मानतो. एकट्याचे आभार थोडे पडतील, पण आहेत ते असे.

समितीचे आभार, ज्या एका माणसानं ते शेवटचं मत दिलं त्याचे जास्त. तो मी नव्हतो. मी विरोधात हात वर केला होता. तेही सांगून टाकतो.

भाषणाच्या शेवटी उणंअधिक बोललो असेन तर माफ करा, असं म्हणायची रीत आहे. अधिक मी काही बोललो नाही. उणं जे होतं ते बारा वर्षांचं होतं. त्याची माफी मागतो. सगळ्यांची, पण आधी दोन माणसांची.

सेराफिम उठलाय. दार मागे आहे, मानो. तू पुढे येतोयस.

लाइलसाहेब, तुम्ही मध्ये येऊ नका. बसा. त्याला येऊ द्या. तो काय करणार आहे मला माहीत नाही, आणि मला भीती वाटतेय. खरंच वाटतेय.

धन्यवाद.