हौसाचं घोंगडं

लिवून घ्या, माझं गाव दहिवडीच्या पल्याड, माळावर. आमी मेंढरंवालं. आज्याची मेंढरं, बापाची मेंढरं, मग माझी. शाळंत घातलं हुतं, पन टिकलो न्हाई. पावसाळा सरला की आमी खाली सांगलीकडं उतरायचो, उसाच्या रानात खतासाटी मेंढरं बसवायचो. हौसा लगीन हून आली ती ह्याच वाटंवर माझ्यामागं चालायला लागली.

तिला तहान लय. काय सांगू तुमाला, आमच्या दुष्काळी माण तालुक्यात बायका एका घागरीवरनं भांडत्यात आनि ही कळशी तोंडाला लावली की निम्मी करायची. माझी आई म्हनायची, सून आनलीस व्हय रं, का उंट. आनि प्यालं की जायचं, सारखं जायचं, झोपंतसुद्दा व्हायचं. बाईमानूस, सांगती कुनाला. म्हायेरला कवा मुक्काम केला न्हाई. सख्ख्या भावाच्या लग्नातनं दिवस मावळायच्या आत म्हागारी आली. भावजय म्हनली, वन्सं, आमचं अंथरुन टोचतं काय तुमाला.

मी आमच्याच काळ्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं करून घेतलं तिला. काळ्यावर वलं दिसत न्हाई. सकाळी ती ते उनात टाकायची आनि वरनं माझा पटका टाकायची, म्हंजी बघनाऱ्याला वाटावं घोंगडं ह्याचंच हाय. मला लोकं काय म्हनली असतील ती म्हनू देत. मी पटका कवा काडला न्हाई.

हितल्या डॉक्टरनं न तपासताच साखर म्हनून तिचा गूळ बंद केला. पुढं पोरगी, शालन, मिरजंला दिली, तिनं आईला मोठ्या दवाखान्यात नेलं. तितल्या डॉक्टरीनबाई म्हनल्या, साखर न्हाईच. डोक्यात वाटान्याएवढं कायतरी असतं म्हनं, त्यातनं एक रस सुटतो आनि तो पानी अंगात धरून ठेवतो, हिचा तो रस आटलाय. तसलाच रस कारखान्यात करून त्याची गोळी केलीया, ती जलमभर घ्यायची. आनि बजावलं, गोळी घेतली की सवयीनं पानी ढोसायचं न्हाई, तहान लागंल तेवढंच, न्हाईतर रक्तातलं मीठ उतरतं, फिट येती.

गोळी लागू पडली. तवा आमी शालनच्या घरी पैल्यांदा मुक्काम केला. सकाळी मी चा पीत बसलोवतो, ही आतनं गोदडी घिऊन आली आनि माझ्या मांडीवर ठेवली. म्हनली, "आवं, हात लावून बघा की. कोरडी हाय." मग गुळाचा चा मागितला. दोनदा मागितला.

ती गेली ती छातीच्या दुखन्यानं, ह्या रोगानं न्हाई. मेंढरं इकली. कुंकवाच्या डब्यात तिच्या गोळ्यांचं पाकीट ऱ्हायलंय.

आता माझंच अंथरुन भिजतंय. म्हातारा झालो, लपवून काय करू. शालन म्हनती, आबा, एकलं काय करताय तितं, या हिकडं. मी म्हनतो, बघू. जाऊन निजू कुटं? ते पाकीट घिऊन दहिवडीला डॉक्टरकडं गेलो, म्हनलं, ही घिऊ का. तो म्हनला, बाबा, ही मुळीच घ्यायची न्हाई, तुमचं दुखनं येगळं हाय, आनि ह्या वयात मीठ झटक्यात उतरतं, चक्कर यिऊन पडाल. मिरजंला जाऊन तपासून घ्या.

मग गेलो, हौसाचं घोंगडं खांद्यावर टाकून. मेंढक्याच्या खांद्यावर घोंगडं असतंच, कोन इचारतंय. शालन म्हनली, आबा, गादी हाय की. म्हनलं, सवय.

सकाळी मी ते गुंडाळाय लागलो तर तिनं माझ्या हातातनं घेतलं. भायेर दोरीवर टाकलं. मग आत गेली, तिच्या आईचं लुगडं आनलं आनि वरनं पसरलं.

तिला सगळं ठावं हुतं, ल्हानपनापास्नं.

तपासलं, दुसऱ्या गोळ्या दिल्यात, फरक न्हाई अजून. परत आलोय घरी. दार उगडलं तर आत कुनीच न्हाई, हे अजून रोज नव्यानं कळतंय. शालन ऱ्हायलाच बोलवती. घोंगडं वाळलं की जाईन म्हनतोय, आनि वाळलं की म्हनतो, उद्या.

तुमी लिवून घेतलं, बरं झालं. तुमाला पावन्याच्या घरी निवांत झोप लागू दे.