कॉलनीतला झोका

त्या जळगावच्या साहेबाचं सांगतो, आठवलं तरी डोकं फिरतं माझं. मी सालदार मानूस, वर्षभर मालकाच्या वावरात राबतो. दर थंडीत हा मालकाचा दोस्त बायकापोरं घेऊन तिथं भरीत खायले येतो. त्याची पोरं निंबावर चढतात, कपाशी तुडवतात. कोनी एक शब्द बोलत नाही.

परवा मालकानं वांगे देऊन मले या साहेबाच्या कॉलनीत धाडलं. नात संगं होती. ती बगीच्यातल्या झोक्यावर बसली, तं साहेबच धावत आला.

"नाना, उतरवा तिला! इथं फक्त कॉलनीतली मुलं."

बाकीचे बठ्ठे झोके रिकामे, अन् पोर रडत उतरली. वर हा म्हनतो, "रविवारी येतोय बरं का. मुलांना मोकळी हवा लागते."

"अन् आमच्या पोरीले नाही लागत? नका येऊ!"

तो हसला. "नाना, शेत तर तुमच्या मालकाचं आहे ना?"

मी टोपली तिथंच आपटली. "वावर मालकाचं शे, पन कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून वांगे मी भाजतो. रविवारी कच्चेच चावा!"