खोल समुद्रातला जावई

(डोंबिवली. मध्यरात्र उलटून गेली आहे. मंदाकिनीबाई मोबाइल घेऊन लेकीच्या उशाशी बसल्या आहेत.)

मंदाकिनी : ऊठ गं देवू. एका माशाने घोटाळा केलाय.

देवयानी : आई, मला सकाळी ऑफिस आहे. कुठला मासा?

मंदाकिनी : अँगलरफिश. खोल समुद्रात असतो. त्यातला नर अगदी एवढासा. मादी दिसली की तिला चावतो आणि तिथेच चिकटतो. मग त्याचे डोळे जातात, पर जातात, रक्तसुद्धा तिचंच. जन्मभर चामखिळीसारखा लटकून.

देवयानी : हे सकाळी कळलं असतं तर चाललं नसतं?

मंदाकिनी : काल ऑक्टोपसचं ऐकलंस की मुकाट्याने.

देवयानी : ऐकलं नाही, झोपलेले मी. बाबा गेल्यापासून रोज रात्री तुझं प्राणिसंग्रहालय चालू. परवा तर तो चौकोनी शी करणारा वॉम्बॅट माझ्या स्वप्नात आलेला.

मंदाकिनी : तर हा मासा मी हेमामावशीच्या ग्रुपवर पाठवायला गेले. खाली लिहिलं, 'जावई मिळावा तर असा.'

देवयानी : मग? मावशी हसेल.

मंदाकिनी : मावशीच्या ग्रुपला गणपतीचा फोटो आहे. तुझ्या लग्नाच्या ग्रुपलाही गणपतीच आहे.

देवयानी : आई, त्या ग्रुपवर विनीतच्या आई आहेत.

मंदाकिनी : म्हणून तर उठवलं.

देवयानी : मग डिलीट कर ना.

मंदाकिनी : केला. पण तो बहुतेक फक्त माझ्याच मोबाइलवरून गेला.

देवयानी : वाट लागली. अगं, त्यांना आम्ही अजून सांगितलेलंच नाही.

मंदाकिनी : काय?

देवयानी : इथे, तुझ्याजवळ फ्लॅट बघतोय ते. विनीत रविवारी त्यांना समजावणार होता. आधीच त्यांचे कोपरीतले नातेवाईक 'मुलगा घरजावई होणार' म्हणून कान भरतायत. आता त्यांना वाटणार, आपण मायलेकींनी मिळून जाळं टाकलंय. लग्न मोडेल गं अशाने.

मंदाकिनी : मला न विचारता फ्लॅट बघताय? मी काय आजारी आहे?

देवयानी : मग रात्री-अपरात्री वॉम्बॅट कोण शोधत बसतं?

मंदाकिनी : त्याला निदान माझी काळजी वाटत नाही.

देवयानी : थांब. विनीतच्या आई टाइप करतायत.

मंदाकिनी : वाच. नको, वाचू नकोस. बरं, वाच.

देवयानी : 'विहीणबाई, आमचा तर कधीच चिकटला. डोळे तेवढे राहू द्या, आत्ताच नवा चष्मा केलाय.'

मंदाकिनी : रागावून लिहिलंय का?

देवयानी : अजून आहे. 'समुद्रघोड्यात बाळंतपण नर करतो, वाचलंत का? तेही सांगून ठेवा त्याला.'

मंदाकिनी : ही बाई या वेळी समुद्रघोडे वाचतेय?

देवयानी : विनीतची नाइट शिफ्ट असते. त्या एकट्याच असतात घरात.

मंदाकिनी : आणि तिथून तू त्यालाही उचलून इकडे आणणार होतीस.

देवयानी : एवढा विचार नव्हता केला मी.

मंदाकिनी : दे तो मोबाइल.

देवयानी : काय लिहितेयस? ग्रुपवर नको हं.

मंदाकिनी : त्यांना एकटीलाच लिहितेय. झोप येत नसेल तर फोन करा म्हणून. तू झोप आता, मी बाहेर जाऊन बोलते.