प्रोफेसरांच्या शेजारची खुर्ची

हसू नका, पण मस्कतमध्ये मी एकदा गो-कार्टच्या शर्यतीचा पंच होतो. मला धड सायकलही येत नाही. तिथल्या रुवी भागात मुलाकडे राहायला गेलो होतो, आणि गुन्हा व शिक्षा या विषयात माझी डॉक्टरेट असल्याचं शर्यत भरवणाऱ्या मराठी मंडळाला कळलं, एवढंच.

नियम होता की हलक्या चालकाने जादा वजन बाळगायचं. रत्नागिरीचा सडपातळ सलीम काट्यावर चढला, तेव्हा त्याचे खिसे ओमानमधल्या खाबुरा गावच्या खजुरांनी फुगले होते. वजन भरलं. मग त्याने सगळे खजूर प्रेक्षकांत वाटले, मलाही दिले, आणि सुसाट पहिला आला.

मी चाचरत त्याला दहा सेकंदांचा दंड केला.

"करा की, प्रोफेसर साहेब! तरी पयला मीच."

वीस केला, तर पुढच्या फेरीत सगळेच चालक खजूर वाटू लागले. मंडळाचे अध्यक्ष कांबळे भडकले. "लबाडी थांबली नाही, तर शर्यत खलास!"

मी सोबत आलेल्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "अहो, लबाडी करणाऱ्याला शेजारी बसवा आणि तुमचा प्रबंध समजावून सांगा."

सलीमला बसवलं. प्रस्तावनेतच त्याचे डोळे पांढरे झाले. सगळे बघत होते.

शेवटच्या फेरीला सगळे चालक खिसे उलटे करूनच काट्यावर आले. सलीम तर हात जोडून म्हणाला, "एक पण खजूर नाय, साहेब. खुदाकसम!"

टाळ्या पडल्या. पंचाईत एकच झाली. शिक्षेने गुन्हा थांबत नाही, हाच माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष होता.