चौथा सुरुंग

माझं माहेर धुळ्याच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला. बाप मिशनच्या दवाखान्यात बैलगाडी हाकायचा, आजारी माणसं खेड्यातून आणायचा, बरी झाली की पोचवायचा, आणि नाही झाली तर तीही त्याच गाडीनं पोचवायचा. आम्ही आज्यापासून ख्रिस्ती. माझं नाव मार्था, पण गल्लीतल्या बायकांले ते म्हणता येईना, त्या मथुरा म्हणायच्या आणि मीही ओ द्यायची. चौथीपावेतो शिकली, मग दोंडाईच्याकडं दिली. आमचे हे, शमुवेल, विहिरी खोदायचे. खडक लागला की सुरुंग भरायचे, त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी न्हवता.

पहिला पोरगा योना. तीन वर्सांचा व्हता, तापानं फणफणला. आठ दिवस मी देवाजवळ बोलत बसली, सारखं बोलत बसली, आणि नवव्या दिवशी पोरगा गेला. काय सांगू तुम्हाले ताई. चर्चच्या मंडळीतली एक बाई म्हणाली देवाची इच्छा. त्याच्यानंतर मी चर्चला जायची, गीतांचं पुस्तक उघडं धरायची, ओठ हलवायची, पण आवाज काढायची नाही. पाच वर्सं. यांना ठाऊक व्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावची प्यायची विहीर आटली, ती आणखी खाली न्यायचं ठरलं. चाळीस हात खोल आधीच व्हती. हे आणि दोघं जण खाली, वर यारीवर रहीमचाचा. यारी म्हणजे दगड वर ओढायचं लाकडी यंत्र, हातानं फिरवायचं. मी काठावरचं डबर वाहायची.

त्या दिवशी सकाळी चार सुरुंग भरले, वाती पेटवल्या, हे वर आले, आम्ही बठ्ठे, सारे जण, लांब जाऊन मोजत बसलो. एक उडाला, दुसरा उडाला, तिसरा उडाला. चौथा उडेना. वाट पाह्यली, ऊन चढलं, तरी नाही. आता ज्यानं भरला त्यानंच उतरून पाहावं अशी रीत, आणि चौथा यांनीच भरलेला. मी म्हटलं आज राहू द्या. ते म्हणाले, गावाले पाणी नाही, उद्यावर किती टाकायचं. आणि यारीच्या टोपल्यात बसून खाली गेले.

टोपलं तळाले टेकलं आणि एका अंगाची दरड सुटली. आवाज फार मोठा नाही, पोत्यातून धान्य ओतावं तसा. मग नुसती धूळ. रहीमचाचानं हाक मारली, पुन्हा मारली, तिसऱ्यांदा मारली तेव्हा खालून आवाज आला. मी शे. म्हणजे आहे, जिवंत आहे.

दगड मांडीवर पडला व्हता, बसल्या जागी अडकले व्हते. म्हणाले, कोणी येऊ नका, वात माझ्यापासून हातभर लांब दिसते, विझली का आत धुमसते ते कळत नाही, लोखंड दगडाले घासलं, ठिणगी उडाली, तर मी जाईन आणि येणारा बी जाईल. कामावर देखरेखीले पाटलाचा भाऊ व्हता, तो म्हणाला, एकासाठी चौघं कसे उतरवू. वाईट माणूस न्हवता तो. मले तेव्हा त्याचा राग आला, पण आज सांगते, त्याचं खोटं न्हवतं.

आणि थोड्या येळानं खालून हे म्हणाले, पाणी लागलं.

त्या तीन सुरुंगांनी झरा फुटला व्हता. काठावर दोन महिन्यांनी कोणाच्या तोंडावर हसू आलं. एका बाईनं हात जोडले, मग तिची नजर माझ्यावर गेली आणि तिनं हात खाली घेतले. पाणी यांच्या कमरेले आलं. मग पोटाले आलं. ज्या पाण्यासाठी उतरले ते पाणीच त्यांना घ्यायले चढत व्हतं, आणि मी वरून पाहत व्हती.

मग ते म्हणाले, मार्था, मले दम लागतो. प्रार्थना तू कर.

पाच वर्सांनी मी तोंड उघडलं. शिकवलेलं एक बी वाक्य आठवेना. मी काठावर पालथी पडली आणि घरच्या बोलीत म्हटलं, देवा, मना तुनावर भरोसा नही. पन मी दुसरा कोनले हाक मारू? तूच शे. एवढंच म्हटलं, साऱ्या गावासमोर, मोठ्यानं. खालून हे आमेन म्हणाले.

तेवढ्यात रहीमचाचा वाकले आणि विचारलं, शमुवेल, वात कुठं शे? हे म्हणाले, बुडाली, कधीची बुडाली. चाचानं पायातल्या चपला काढल्या. म्हणाले, मग सुरुंगाची दारू भिजली, आता नाही उडत ती, सोडा मले खाली. मी विचारलं, खात्री शे का चाचा? ते म्हणाले, खात्री वरच्याले.

त्यांनी पाण्यात बुडी मारून दगडाले साखळी घातली. वर यारीच्या दांड्याले आम्ही लागलो, मी लागली, पाटलाचा भाऊ लागला. पहिल्यांदा साखळी निसटली. तोपावेतो पाणी यांच्या हनुवटीले. दुसऱ्यांदा दगड हलला, वीतभर उचलला, तेवढ्यात चाचानं यांना ओढून काढलं.

पाय गेला, गुडघ्याखाली कापला. पुढं तेवीस वर्सं जगले, दारात बसून टायरच्या चपला शिवल्या, दोन पोरी वाढवल्या. लोक म्हणतात चमत्कार झाला. मी तसं म्हणत नाही, चमत्कार म्हटला तर पायाचं काय म्हणू? पण मी आवाज काढून गायले लागली ते तेव्हापासून. मले वाटायचं भरोसा ठेवला म्हणजे भीती जाते. तसं काही नाही ताई. भीती बठ्ठी तशीच राहते.

आता डोळ्यांनी दिसत नाही. नात शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवते, घाई असली की मधलं गाळते, मले कळतं. रोज सांजच्याले बसते आणि एकेका माणसासाठी देवाजवळ मागते. आज तुमच्यासाठी मागीन. नाव काय म्हणाल्या तुम्ही? नीट सांगा बरं, मी नाव घेऊनच मागते.